मनोऱ्यावरच्या मुलाशी बोला

जादू, पिशाच्चं आणि राक्षस असलेल्या मालिका मुलं बघत असतात तेव्हा आपण बहुतेक वेळा निर्धास्त असतो. ‘सगळं खोटंच आहे, बघू दे’ असं म्हणून आपण आपल्या कामाला लागतो. माझी विनंती आहे की अशी मालिका चालू असताना अधूनमधून मुलांजवळ जाऊन बसा, आणि पडद्यावर बंदूक आली की नीट लक्ष द्या. राक्षस खोटा असतो, मंतरलेली तलवार खोटी असते. त्या सगळ्या मायाबाजारात बंदूक तेवढी खरी असते. ती पैसे देऊन मिळते, कुणाच्या तरी कपाटात पडून असते आणि चालवायला मंत्र लागत नाही. म्हणून अद्भुत गोष्ट सांगणारा माणूस बंदुकीला कसं वागवतो, यावरून तो आपल्या मुलांशी किती प्रामाणिक आहे ते मी ठरवते.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००३ या काळात सात सीझन चालली. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात बफी समर्स नावाची शाळकरी मुलगी राहते आणि रात्री रक्तपिपासू पिशाच्चांशी लढते. तिच्या हातात लाकडी खुंटी असते, कुऱ्हाड असते, कधी क्रॉसबो असतो. या गोष्टीतली पिशाच्चं गोळीनं मरत नाहीत, त्यामुळे बंदूक तिच्या कामाचीच नाही. एखाददुसरा अपवाद आहे. दुसऱ्या सीझनमध्ये ती मॉलमध्ये रॉकेट लाँचर चालवून एका राक्षसाच्या चिंधड्या उडवते. मुलं त्या दृश्यावर टाळ्या वाजवतात, वाजवू द्या. तसा राक्षस आणि तसं हत्यार कुणाच्याच घरात नसतं. पण या मालिकेत पिस्तूल किंवा रायफल निघाली की समजावं, आता माणूस माणसाला मारणार आहे. ही शिस्त लेखकांनी बऱ्यापैकी पाळली आणि तिच्यामुळेच ही मालिका इतक्या वर्षांनीही मुलांसोबत बसून बघण्यासारखी आहे.

२८ एप्रिल १९९८ला प्रसारित झालेल्या भागात शाळेतलं एक भूत आहे. १९५५ साली एका विद्यार्थ्यानं, जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या शिक्षिकेवर गोळी झाडली आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. आता तीच घटना शाळेच्या बोळांत पुन्हा पुन्हा घडते. कुणाच्याही अंगात ते भूत येतं आणि त्याच्या हातात तेच जुनं पिस्तूल प्रकटतं. ज्यांची आपसात काही भांडणं नाहीत अशी माणसं एकमेकांवर गोळ्या झाडतात. या भागाच्या महिनाभर आधी आर्कान्सा राज्यातल्या जोन्सबरो इथे १३ आणि ११ वर्षांच्या दोन मुलांनी आपल्याच शाळेवर गोळीबार करून चार मुली आणि एका शिक्षिकेला मारलं होतं. त्यांच्याकडच्या रायफली आजोबांच्या घरातल्या होत्या. भाग त्याआधीच लिहून झालेला असणार, पण तेव्हा तो बघणाऱ्या अमेरिकन आईबापांना ते भूत नुसतं भूत वाटलं नसेल.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला घेतलं त्याकडे येते. सहाव्या सीझनमधला ‘सीइंग रेड’ हा भाग ७ मे २००२ला दाखवला गेला. वॉरेन नावाचा एक हुशार, पण कायम दुखावलेला तरुण आहे. त्याला आपल्या मनाप्रमाणे वागणारी बाई हवी असते, म्हणून तो आधी तशी यंत्रबाहुली बनवतो. नंतर जुन्या मैत्रिणीला जादूनं गुलाम करायला जातो, ती विरोध करते आणि त्याच्या हातून मरते. ‘सीइंग रेड’मध्ये त्याला दोन मंतरलेले गोल मिळतात. ते जवळ असले की अंगात अचाट ताकद येते. बफी ते गोल फोडते, सगळ्यांसमोर त्याची फजिती होते आणि तो पळून जातो. दुसऱ्या दिवशी तो बफीच्या घराच्या मागच्या अंगणात येतो. या वेळी त्याच्याकडे जादू नाही, साधं पिस्तूल आहे.

हा क्रम मुलांना मुद्दाम दाखवा. ताकद गेली, चारचौघांत हसं झालं आणि मग हातात पिस्तूल आलं. वॉरेनच्या हातातलं पिस्तूल शौर्याचं नाही, ते अपमान न पचलेल्या माणसाचं आहे. बातम्यांमधल्या कितीतरी गोळीबारांच्या मागे हीच गोष्ट असते. नकार मिळालेला मुलगा, नोकरीवरून काढलेला माणूस, बायको सोडून गेलेला नवरा. पिशाच्चांच्या मालिकेनं ती इतकी उघड सांगितली याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

तो बफीवर गोळ्या झाडतो. एक तिच्या छातीत लागते. पळता पळता तो मागे न बघता आणखी गोळ्या सोडतो आणि त्यातली एक वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत जाते. तिथे बफीच्या मैत्रिणी टारा आणि विलो, एकमेकींच्या प्रेमात असलेल्या दोघी, उभ्या आहेत. बऱ्याच दुराव्यानंतर त्या नुकत्याच पुन्हा एकत्र आल्या आहेत. काचेला बारीक भोक पडतं. विलोच्या पांढऱ्या शर्टवर रक्ताचे शिंतोडे उडतात. टाराला आपल्याला काय झालंय हेच कळत नाही, ती समोरच्या शर्टावर उडालेल्या डागांबद्दल काहीतरी बोलते आणि कोसळते. वॉरेनला ती दिसलीही नव्हती. टाराची भूमिका करणाऱ्या अँबर बेन्सनचं नाव त्या दिवशी पहिल्यांदाच सुरुवातीच्या श्रेयनामावलीत आलं होतं. प्रेक्षकांना वाटलं, आता ही कायमची आपल्या सोबत राहणार.

पुढच्या भागाच्या सुरुवातीला विलो देवतेला हाक मारते आणि टाराला परत मागते. याच विलोनं त्याच सीझनच्या आरंभी मेलेल्या बफीला जादूनं जिवंत केलेलं असतं, त्यामुळे प्रेक्षकांनाही आशा असते. देवता नकार देते. बफीचा मृत्यू जादूच्या शक्तीनं झाला होता म्हणून तो उलटवता आला. टाराला माणसानं माणसाच्या हत्यारानं मारलंय, तिथे जादूचा इलाज नाही. ज्या जगात मेलेली माणसं उठून बसतात त्या जगातही गोळीनं गेलेलं माणूस परत येत नाही, हा नियम लेखकांनी घालून दिला.

सोडलेलं हत्यार निरपराधाला लागतं, हे आपल्याला नवीन नाही. महाभारतात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. अर्जुनाला ते परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही आणि ते वळतं उत्तरेच्या पोटातल्या बाळाकडे, ज्यानं कुणाचं काही केलेलं नाही. मुलांशी बोलायला ही गोष्ट उपयोगी पडेल. सोडणं कुणालाही जमतं, आवरणं जमत नाही, आणि लागतं ते भलत्यालाच.

एक बाजू मात्र प्रेक्षकांच्या वतीनं मांडायला हवी. अमेरिकन टीव्हीवर दोन स्त्रियांचं प्रेम इतकं सलग आणि घरगुतीपणे दाखवणाऱ्या मालिका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक जोडी अशी फोडल्यावर पुष्कळ तरुण मुलामुलींना ते लागलं, कारण पडद्यावर त्यांच्यासारखी माणसं दिसायची ती मरण्यासाठीच. ती तक्रार खरी आहे. बंदुकीबद्दल लेखक खरं बोलले म्हणून दुसऱ्या बाजूला झालेली जखम खोटी ठरत नाही.

आता मनोऱ्यावरच्या मुलाबद्दल. तिसऱ्या सीझनमध्ये ‘इअरशॉट’ नावाचा भाग आहे. एका राक्षसाच्या रक्तामुळे बफीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. शाळेच्या जेवणघरात तिला एक विचार ऐकू येतो की उद्या या वेळेपर्यंत मी या सगळ्यांना मारून टाकणार. कुणाचा विचार ते कळत नाही. शोधाशोध सुरू होते. शाळेच्या वार्तापत्राच्या कचेरीत जोनाथन नावाच्या मुलाचं पत्र सापडतं. हा बुटका, एकटा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला मुलगा रायफल घेऊन घड्याळाच्या मनोऱ्यावर चढलेला असतो. बफी तिथे पोचते आणि त्याच्याशी बोलते. ती त्याला सांगते की खाली जी देखणी, लोकप्रिय, मजेत दिसणारी मुलं आहेत त्यांच्या मनातही असंच दुःख आहे, मी ते ऐकलंय. तुझं दुःख त्यांना दिसत नाही कारण प्रत्येक जण स्वतःच्याच दुःखात बुडालाय. तेव्हा कळतं की जोनाथनला कुणालाही मारायचं नव्हतं. तो स्वतःचा जीव द्यायला वर आला होता. सगळ्यांना मारायचा बेत होता जेवणघरातल्या स्वयंपाकीण बाईचा, आणि तिचं हत्यार होतं उंदीर मारायचं औषध.

हा भाग २७ एप्रिल १९९९ला दाखवायचा होता. २० एप्रिलला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलं आणि एका शिक्षकाला मारलं. वाहिनीनं भाग थांबवला आणि तो लागला २१ सप्टेंबरला. त्याच सीझनचा शेवटचा भागही, ज्यात पदवीच्या झग्याखाली हत्यारं लपवून आलेले विद्यार्थी राक्षसाशी लढतात, २५ मेऐवजी १३ जुलैला गेला.

कोलंबाइननंतरचा तो आठवडा अंत्ययात्रांचा होता. ‘इअरशॉट’मध्ये शाळेतल्या गोळीबारावर एक चेष्टेचं वाक्यही आहे, ते त्या दिवसांत कुणाच्याच कानाला सहन झालं नसतं. भाग थांबवला हे योग्यच केलं. पण पाच महिने तो कपाटात ठेवला हे मला पटत नाही. मे महिन्यात, शाळा सुटण्याआधी, आईबाप आणि शिक्षक मुलांशी काय बोलावं या विवंचनेत असताना तो दाखवायला हवा होता. झालं काय, ११ मेच्या भागात जोनाथन सगळ्या वर्गाच्या वतीनं बफीचे आभार मानतो आणि तिच्या हातात बक्षीस देतो. हाच मुलगा मनोऱ्यावरून खाली उतरलाय हे प्रेक्षकांना तेव्हा माहीतच नव्हतं. आभार आधी दिसले, उपकार नंतर.

जोनाथनच्या त्या पत्राकडे परत या. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी मिळून शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला आणि २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात पाचांपैकी चार घटनांमध्ये निदान एका माणसाला आधीच कुणकुण होती आणि ते बहुधा बरोबरीचं मूल होतं, मित्र, वर्गबंधू किंवा भावंड. त्यांनी मोठ्यांना सांगितलं नाही. त्याच अहवालात आहे की दोनतृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाकडून मिळवली होती. मालिकेतलं पत्र कथेची सोय म्हणून आलं असेल, पण तशी पत्रं खरोखर असतात, आता ती मोबाइलवर असतात. तुमच्या मुलाला एवढं स्पष्ट सांगून ठेवा की मित्रानं जीव द्यायची किंवा घ्यायची भाषा केली तर ते गुपित ठेवायचं नाही. ही चुगली नाही.

बंदुकीला नुसतं देवत्व देणाऱ्याही मालिका आहेत. ‘सुपरनॅचरल’मध्ये तर सॅम्युएल कोल्टनं बनवलेलं एक रिव्हॉल्व्हर जवळजवळ काहीही मारू शकतं आणि त्यासाठी मालिकेचे नायक असलेले दोघे भाऊ जिवावर उदार होतात. मनोरंजन म्हणून मला ती चालते. पण तिथून मुलाला बंदुकीबद्दल काही कळेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते तुम्हालाच सांगावं लागेल.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांसाठी पुढचं लिहिते, कारण न्यू जर्सी असो, टेक्सस असो की कॅलिफोर्निया, तुमची मुलं बालवाडीपासून लॉकडाऊन ड्रिल करतात. दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं, हे त्यांना पाढ्यांआधी शिकवलं जातं. २०२०पासून त्या देशात मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. २०२२ साली तिथे बंदुकीनं ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातले जवळपास २७ हजार मृत्यू आत्महत्येचे होते. म्हणजे मनोऱ्यावरचा जोनाथन हा अपवाद नाही, तोच मोठा आकडा आहे. दहातले चार अमेरिकन प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. मग तुमचं मूल ज्या मित्राकडे खेळायला किंवा रात्री झोपायला जातं त्याच्या आईला विचारायला लाजू नका: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर ती रिकामी करून कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का? आपण कुत्रा चावरा आहे का विचारतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का विचारतो. ‘त्यांना काय वाटेल’ हा आपला जुना संकोच इथे बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. आणि तुम्ही स्वतः हौसेनं किंवा भीतीपोटी बंदूक घेतली असेल, तर घरात वयात आलेलं, रुसलेलं, गप्प झालेलं मूल असताना ती घरात असावी का, याचा नवरा-बायकोनं बसून विचार करा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे हा प्रश्न कुठे आहे? १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही, बहुतेक घरांत ती नाही, आणि यासाठी आपण कायद्याचे ऋणी असायला हवं. पण त्या स्वयंपाकीण बाईचं हत्यार आठवा. आपल्या शेतकरी घरांत फवारणीचं औषध पडवीत, कधी पलंगाखाली असतं. भांडण झालं, परीक्षेत नापास झालं, लग्न मोडलं आणि हात तिकडे गेला, अशा घटना आपल्या प्रत्येक तालुक्यानं पाहिल्या आहेत. जीव द्यायची ऊर्मी बहुतेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळेत हाताशी साधन नसलं तर पुष्कळ माणसं जगतात आणि पुढे चांगली जगतात. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण कमालीचं खाली आलं. औषधाचा डबा कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवा, जमलं तर ते घरात आणूच नका, रानातल्या खोलीत बंद ठेवा.

ओटीटीवरच्या मालिकांवर २०२१च्या नियमांनुसार वय लिहिलेलं असतं, ७, १३, १६, प्रौढ. ते बघा, कुलूप लावायची सोय आहे ती वापरा. पण त्या आकड्यावर सगळं सोपवू नका. ‘हिंसा’ या एका शब्दात मॉलमधला राक्षसही बसतो आणि टाराच्या खिडकीचं भोकही बसतं, आणि मुलाच्या मनावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही. भाग संपल्यावर बंद करून निघून जाऊ नका. विचारा: त्याच्या हातात पिस्तूल कुठून आलं असेल? त्याला आधी कुणी थांबवू शकलं असतं का? तुमच्या वर्गात असा कोण आहे, ज्याच्याशी कुणी बोलत नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर मुलांकडे बहुतेक वेळा तयार असतं.

जोनाथनची पुढची गोष्टही सांगायला हवी. मनोऱ्यावरून उतरलेला हा मुलगा तीन सीझननंतर वॉरेनच्याच टोळीत दिसतो. त्या दिवशी बफीनं त्याला वाचवलं, पण नंतर रोज त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांनी त्याला जवळ केलं ते चुकीचे निघाले. शिक्षकांनो, क्लासच्या सरांनो, एकट्या मुलाशी एकदा बोलून तुमचं काम झालं असं समजू नका. दर आठवड्याला त्याला हाक मारा, काहीतरी काम सांगा, डबा खायला कुणाशेजारी तरी बसवा.

आणि घरातलं मूल बरेच दिवस गप्प असेल, जेवत-झोपत नसेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला सरळ विचारा: ‘तुला मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न विचारल्यानं असा विचार डोक्यात भरत नाही. मानसोपचार करणारे डॉक्टर हे खात्रीनं सांगतात. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, रडवू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. भारतात टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८ लावा. दोन्हींपैकी तुमच्या देशातला क्रमांक आत्ता, हे पान बाजूला ठेवण्याआधी, स्वतःच्या आणि मुलांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.